आपसूक उठणारी होडी

तलावाच्या मधोमध होडी आडवी झाली, तरी काठावरच्या तिघांनी काहीही करायचं नाही असं आधीच ठरलं होतं. शर्वाणी खानोलकरने दूरनियंत्रक गवतावर ठेवून दिला आणि हात पाठीमागे घेतले. तो हातात राहिला असता तर अंगठा शिवशिवला असता. तिचा धाकटा भाऊ विश्राम गुडघाभर पाण्यात उभा होता. करंजाच्या सावलीत कुलसुम मुकादम मांडीवरच्या संगणकाच्या पडद्यात डोकं घालून बसली होती. होडीची मेंदूपेटी तिने घडवली होती, बाकी सगळी होडी शर्वाणीची.

होडी जेमतेम सव्वा मीटर लांब होती; पुढे समुद्रात जाणाऱ्या होडीची नवव्या हिश्शाची प्रतिकृती. तिचं ताठ, पोकळ पंखशीड पाण्यावर निपचित पडलं होतं.

"ऊठ गो बाय," विश्राम पुटपुटला.

होडीच्या पोटातून बारीक घरघर आली. शिडाच्या शेंड्यातली पिशवी फुगली आणि शीड पाण्यावरून किंचित उचललं गेलं. होडीच्या पोटाखालचा लांब पाय आता पाण्याबाहेर आडवा आला होता. त्याच्या टोकाच्या पोकळ गोळ्यात पाणी भरू लागलं. गोळा जड होऊन खाली गेला आणि झोपलेल्या माणसाने कूस बदलून उठून बसावं तशी होडी सरळ झाली. तिने गोळ्यातलं पाणी ओकून टाकलं, शिडात वारा धरला आणि वेग येताच पाण्याखालच्या पंखांवर उचलली जाऊन तरंगत निघाली.

"उठली! ताई, आपसूक उठली!" विश्रामने पाण्यावर दोन्ही हात आपटले. शर्वाणी नखशिखांत भिजली, पण त्या दिवशी ती रागावली नाही.

पाच वर्षं त्यांनी या उठण्यासाठी घालवली होती. डिझेलच्या लाँचेस बंद झाल्यापासून खाड्यांच्या तोंडावरची गावं अडकून पडली होती. रस्ते दरवर्षी खचत, आणि समुद्रमार्गे इस्पितळ गाठायचं तर वाऱ्यावर चालणारी, पण लाँचपेक्षा वेगवान होडी हवी होती. तशी होडी म्हणजे जलपंखी. विमानाला हवेत पंख उचलतात, तसे हिला पाण्यात पंख उचलतात. अंग पाण्याबाहेर आलं की पाण्याचा अडसर संपतो. पण उचललं जायचं तर हलकं असावं लागतं, आणि हलकी होडी कलंडते.

सुरुवातीच्या दोन वर्षांत प्रतिकृती कलंडली की मेल्यासारखी पडून राही. मग विश्राम सदरा काढून पाण्यात उतरे आणि तिला दातांत दोरी धरून ओढून आणी. पौषातल्या सकाळीही तो हेच करी. एकदा त्याचा पाय तळाच्या शेवाळात अडकला. तो हसत बाहेर आला. शर्वाणीला मात्र दुपारपर्यंत घास गिळवला नाही. त्याच दिवशी ती कुलसुमला म्हणाली, "हिला परत यायला शिकव. उठली की तोंड काठाकडे करून थेट घरी. हा पुन्हा पाण्यात उतरता कामा नये."

कुलसुमने तो नियम घातला आणि त्याला नाव दिलं 'घरओढ'.

किनारवाहतूक मंडळाचे अध्यक्ष भास्करराव रेगे चाचणी बघायला आले, तेव्हा प्रतिकृतीला त्यांच्यादेखत सात वेळा पाडण्यात आलं. सातही वेळा ती उठली आणि त्यांच्या बुटांपाशी येऊन थांबली. रेग्यांचं आयुष्य बंदरात गेलेलं. ते सहज हुरळणारे नव्हते.

"खेळण्यात जमलं म्हणजे दर्यात जमेल कशावरून?" त्यांनी विचारलं.

"त्याचं गणित पक्कं आहे," शर्वाणी म्हणाली. "होडी नऊपट मोठी केली की वजन सातशेएकोणतीसपट होतं आणि प्रत्येक हालचालीला तिप्पट वेळ लागतो. ही चार सेकंदांत उठते, तर मोठी बारा सेकंदांत उठेल. इथल्या झुळकेच्या तिप्पट वारा म्हणजे तिथलं वादळ. लाटाही त्याच हिशोबाने."

"आणि माणूस?"

"आहे की." शर्वाणीने प्रतिकृती उचलून सुकाणूमागे स्क्रूने बसवलेला शिशाचा तुकडा दाखवला. "शंभर-सव्वाशे ग्रॅम. हाच विश्राम."

"अंगाने जरा बारीकच झालो," विश्राम म्हणाला, आणि रेगेही हसले.

मोठी होडी पुढच्या दिवाळीनंतर पाण्यात पडली. विश्रामने तिचं नाव 'टिटवी' ठेवलं. तो सुकाणूवर बसला की ती इतकी शहाण्यासारखी चाले, की बंदरावरचे कोळी जाळी बाजूला टाकून बघत राहत. प्रत्येक खलाशाच्या मनगटावर मनगटखुणेचा पट्टा असे. होडीच्या काठावरच्या तांब्याच्या पट्टीला तो टेकवून चढायचं, धक्क्यावर उतरताना पुन्हा टेकवायचा. परक्याने होडी हलवू नये म्हणून ही सोय होती.

शेवटची चाचणी एकट्या माणसाने खुल्या समुद्रात करायची होती. वारा मुद्दामच जोराचा निवडला होता. सोबतीला मंडळाची बॅटरीवरची लाँच दिली होती, पण टिटवी पंखांवर उचलली गेल्यावर ती मागेच पडली.

"ताई, हिला दाखवतो आज खरा दर्या," एवढं बोलून विश्राम पट्टा टेकवून चढला होता.

धक्क्यावर शर्वाणी, कुलसुम, रेगे आणि निम्मं गाव उभं होतं. टिटवी क्षितिजाजवळ ठिपका झाली आणि मग दिसेनाशी झाली. बऱ्याच वेळाने ठिपका पुन्हा दिसला. तो मोठा होत गेला. सोबतीच्या लाँचवाल्यांनी ती दिमाखात परतताना लांबूनच पाहिली आणि हात हलवून तेही माघारी वळले. शिडावर ओली शेवाळाची रेघ होती. म्हणजे ती कलंडली होती आणि उठली होती.

"उठली बघा!" कुणीतरी ओरडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शर्वाणीनेही वाजवल्या, आणि तेवढ्यात टिटवी वळून धक्क्याला लागली. सुकाणूमागे कुणीच नव्हतं.

पुढचे दिवस शर्वाणीला सलग आठवत नाहीत. तटरक्षकांची विमानं आली. कोळ्यांनी मासेमारी बंद ठेवून समुद्र पिंजून काढला. विश्राम मिळाला नाही. त्याचा तरंगकोटही मिळाला नाही.

काय घडलं असावं, हे टिटवीच्या मेंदूपेटीतल्या आकड्यांवरून कुलसुमने चौकशीत सांगितलं. मोठी लाट, पंख पाण्याबाहेर, होडी आडवी. विश्राम दूर फेकला गेला, पण फार दूर नाही. तो पोहत होडीकडे आला असणार, कारण नवव्या सेकंदाला होडीच्या काठाला मनगटखूण लागल्याचं उमटलं होतं. बाराव्या सेकंदाला होडी उठली. उठताना काठ त्याच्या हातातून सुटला. मग तिने ठरल्याप्रमाणे शीड भरलं, तोंड घराकडे केलं आणि माणसाला कधीही गाठता येणार नाही अशा वेगाने ती निघाली.

"म्हणजे नौकेत दोष नाही," रेगे हळू आवाजात म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते. त्यांना वाटलं, बाईंना यानेच धीर येईल. "तुम्ही जे जे सांगितलं होतं, ते तिने तंतोतंत केलं."

"तोच दोष आहे," शर्वाणी म्हणाली. "आम्ही प्रतिकृतीत माणूस स्क्रूने बसवला होता, रेगेसाहेब. हजार वेळा होडी पाडली, पण तो एकदाही पडला नाही. म्हणून तो पडला तर होडीने काय करायचं, हा प्रश्नच कुणाला पडला नाही."

मंडळाने अकरा नव्या टिटव्यांचं काम थांबवलं नाही. गावांना होड्या हव्याच होत्या. पहिली टिटवी चौकशीपुरती मोहोरबंद करून शेडमध्ये उभी केली गेली.

शर्वाणी प्रयोगशाळेत परत आली ती महिन्याभराने. कुलसुमने तिच्यासमोर चहा ठेवला आणि पडदा उघडला.

"मी घरओढ काढून टाकते," ती म्हणाली. "उठली की होडी जागच्या जागी उभी राहील."

"राहणार नाही. उभी होडी वाऱ्याची असते, कुलसुम. शीड मोकळं सोडलं तरी वारा तिला ढकलत नेतो. पोहणाऱ्याला ती सापडत नाही."

"मग?"

"आडवी होडी पाण्याची असते. शीड पाण्यात बुडालं की त्याचाच नांगर होतो. प्रवाह माणसाला नेईल तिकडे होडीलाही नेईल. दोघं एकमेकांना सोडून जाणार नाहीत." शर्वाणीचा आवाज वर्गात शिकवत असल्यासारखा कोरडा होता. "पहिली दोन वर्षं आपली होडी उठत नव्हती. ती उठत नव्हती म्हणून विश्राम दर वेळी तिच्यापर्यंत पोचत होता. आपण त्यालाच अपयश म्हणत होतो."

कुलसुमने डोळे पुसले. "मग नियम सांग. मी लिहिते."

"होडीने माणसं मोजायची. पट्टा टेकवून चढला तो तिचा. धक्क्यावर पट्टा टेकवून उतरेपर्यंत तो तिचाच. तिच्यावर असलेली माणसं चढलेल्या माणसांपेक्षा कमी भरली, की कुणीतरी पाण्यात आहे. मग ती उभी असली तर तिने स्वतःहून आडवं व्हायचं. शीड वाऱ्याला धरायचं, पायात पाणी असेल तर सोडायचं. आणि आडवीच राहायचं. सगळी माणसं अंगावर आली की त्यांना सावध करून हळूहळू उठायचं."

"आणि आली नाहीत तर? किती वेळ थांबायचं?"

शर्वाणीने कप बाजूला सारला.

"नियमाला शेवट हवा, शर्वाणी. यंत्राला 'कायम' असं सांगू नये."

"शेवट घालू नकोस."

कुलसुमने तसंच लिहून घेतलं.

या नियमाचं नाव 'सोबत' पडलं. त्याची पहिली चाचणी पुन्हा त्याच तलावात झाली. या वेळी शिसं काढून टाकलं होतं. शर्वाणीने मनगटाला पट्टा बांधला, प्रतिकृतीला टेकवला आणि ती स्वतः पाण्यात उतरली. मंडळाने पोहणारी माणसं देऊ केली होती, पण तिने कुणाला येऊ दिलं नाही. पन्नाशी उलटलेली बाई, पोहणं लहानपणी शिकलेलं. पाणी किती गार असतं, हे तिला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. काठावर उभी राहून ती विश्रामला नुसती "लवकर ये रे" म्हणत असे.

ती होडीपासून दूर गेली तशी होडीने शीड फिरवलं आणि ती अलगद पाण्यावर निजली. शर्वाणी पाठीवर तरंगत राहिली. वारा वाहत होता, पण होडी तिच्यापासून आणखी हातभरही लांब गेली नाही. मग ती पोहत गेली, होडीच्या कुशीवर पट्टा बांधलेला हात ठेवला आणि तिथेच, पाण्यात, कुणाला दिसणार नाही अशी रडली. तिच्या हाताखाली होडी सावकाश उठू लागली.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस एका खाडीच्या तोंडावर एका नव्या टिटवीवरून खलाशी आणि एक परिचारिका दोघंही लाटेने फेकले गेले. होडी तत्क्षणी आडवी झाली. दोघं पोहत आले, तिच्यावर चढून बसले, आणि ती त्यांना घेऊन उठली. परिचारिकेने शर्वाणीला फोन केला. "बाई, तुमची होडी आमच्यासाठी झोपली हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. शर्वाणीने तिला जपून राहायला सांगितलं. फोन ठेवल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण हा नियम आधी सुचायला फार मोठी बुद्धी लागत नव्हती, हेही त्याच क्षणी मनात आलं आणि आनंद तिथेच विरला.

त्यानंतर मंडळाने पहिल्या टिटवीची मोहोर काढली. चांगली होडी शेडमध्ये कुजवत ठेवणं कुणालाच पटत नव्हतं, आणि शर्वाणीनेही नाही म्हटलं नाही. कुलसुमच्या माणसांनी तिच्या मेंदूपेटीत 'सोबत' भरला. घरओढ काढली. बाकी कशाला हात लावायची गरज नव्हती. सगळं जागच्या जागी ठीक होतं.

तिला पाण्यात सोडलं त्या दुपारी खारं वारं मंद सुटलं होतं. सुकाणूवर रेश्मा तांडेल होती, मंडळाच्या नव्या खलाशांतली सगळ्यात तरबेज. तिने पट्टा टेकवला, ती चढली, दोर सोडला. टिटवी धक्क्यापासून जेमतेम दोन होड्यांच्या अंतरावर गेली असेल. एकाएकी तिचं शीड कर्रकन फिरलं, वाऱ्याला आडवं झालं, आणि सगळ्यांच्या देखत, एकही लाट नसलेल्या बंदरात, ती कलली आणि पाण्यावर निजली.

रेश्मा पाण्यात पडली, झटकन वर आली आणि हसत होडीच्या कुशीवर चढली. "चला बाई, उठा आता!" तिने होडीला थोपटलं.

होडी उठली नाही.

रेश्माने मनगट पट्टीला पुन्हा पुन्हा टेकवलं. ती पाण्यात उतरून परत चढली. टिटवी ढिम्म हलेना.

"ही मला मोजत नाही वाटतं!" ती धक्क्याकडे बघून ओरडली.

कुलसुमने हातातला पडदा उघडला होता. ती वाचत होती, आणि वाचून झाल्यावरही मान वर करत नव्हती.

"बिघाड आहे?" शर्वाणीने विचारलं.

"नाही."

"रेश्मा मोजली जातेय?"

"जातेय." कुलसुमने पडद्यावर बोट ठेवलं. "ती दोन माणसं मोजतेय, शर्वाणी. एक रेश्मा. दुसरा चढलेला आहे, पण उतरलेला नाही."

शर्वाणीला कळायला क्षणही लागला नाही. नियम तिचाच होता. विश्राम या होडीवर पट्टा टेकवून चढला होता, आणि कुठल्याही धक्क्यावर पट्टा टेकवून उतरला नव्हता. तेव्हा होडीला माणसं मोजता येत नव्हती, म्हणून ती त्याला टाकून घरी आली. आता तिला मोजायला शिकवलं होतं. पाण्याचा स्पर्श होऊन चालायला लागताच तिने पहिल्यांदा मोजलं, एक माणूस कमी भरला, आणि जे करायला हवं ते तिने केलं.

"आमच्या पोरांनी जुनी मोजणी पुसायला हवी होती," कुलसुम म्हणाली. "कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी इथून त्याला उतरवू शकते. एका कळीचं काम आहे."

"थांब."

शर्वाणीने रेश्माला छोट्या पडावातून परत आणवलं आणि टिटवीला धक्क्याचा लांब दोर बांधायला लावला. कुलसुमने रेश्माला पडद्यावरून उतरवलं, जमलेल्यांना काहीतरी दुरुस्ती आहे असं सांगून घरी पाठवलं, आणि स्वतःही ती शेडच्या पायरीवर लांब जाऊन बसली. शर्वाणी धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसली. समोर टिटवी आडवी पडून होती. ओहोटी लागली तशी ती प्रवाहाबरोबर सावकाश हलत, दोराच्या लांबीइतकी समुद्राकडे सरकली आणि तिथे राहिली. वारा पडला. बगळे येऊन तिच्या कुशीवर बसले. होडीला काही घाई नव्हती. तिच्या नियमाला शेवट नव्हता. तिला ताकद पुरेल तोवर, गंजून तळाला जाईपर्यंत ती अशीच थांबली असती.

आणि शर्वाणीने मात्र चौथ्या दिवशी शोध थांबवायला होकार दिला होता. सगळे म्हणाले होते, आता उपयोग नाही. तटरक्षकांचा अधिकारी तिच्या पुढ्यात उभा राहिला आणि तिने मान हलवली. ते चुकीचं नव्हतं. इतक्या दिवसांनी पाण्यात कुणी जगत नाही, हे तिला त्या अधिकाऱ्याइतकंच ठाऊक होतं.

सूर्य कलला तशी कुलसुम जवळ आली. तिने पडदा शर्वाणीच्या हातात दिला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. पडद्यावर दोन खुणा होत्या. एका खुणेसमोर 'उतरली', दुसरीसमोर 'पाण्यात'.

शर्वाणी त्या शब्दाकडे बघत राहिली. मग तिने विश्रामला उतरवलं.

होडी लगेच उठली. बगळे उडाले, शिडावरून पाणी निथळलं आणि ती दोरापाशी सरळ, मोकळी उभी राहिली. इतकी लगेच, की शर्वाणीला वाटलं, आपण आणखी थोडा वेळ थांबलो असतो तरी चाललं असतं.